तुमच्या नावाखाली काय लिहू, आबा?

आबा,

सुनीलचा मेसेज सकाळपासून फोनवर तसाच पडून आहे. रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, कार्ड छापायला टाकायचंय, आणि छापखानेवाला विचारतोय की नावाखाली काय घालू. ‘ताई, एकच ओळ बसते. अधिकारी लिहू का नुसतं निवृत्त कर्मचारी लिहू? तू कॉलेजच्या ग्रुपवर टाकशील ना, म्हणून विचारलं.’

धाकटा असला तरी त्याला सगळं माहीत आहे. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर तुम्ही कोण आहात हेही, आणि घरी कोण होतात हेही. त्यानं टोमणा मारलेला नाही, खरोखरच विचारलंय. टोमणा असता तर मी भांडले तरी असते.

तुम्ही शुक्रवारी गेलात. आज मंगळवार आहे. मला तिकीट मिळालं ते गुरुवारचं. तुम्हाला नेलं तेव्हा सुनीलच्या मित्रानं व्हिडिओ कॉल लावून फोन हातात धरला होता. त्यात तुमच्यापेक्षा लोकांच्या चपलाच जास्त दिसल्या. मध्येच तो बिचारा रडायला लागला आणि मग नुसतं आभाळ दिसत राहिलं. मी इकडे स्वयंपाकघरात उभी राहून ते आभाळ बघत होते. घरात बसवेना म्हणून आज कामावर आले, पण तळघरातल्या माझ्या प्रयोगशाळेत गेले नाही. वर संग्रहालयाच्या मोठ्या दालनात, खिडकीखाली, तुम्ही बसायचात त्या लाकडी खुर्चीत बसून हे लिहितेय. तुमच्या उजव्या हाताला तो झोपलेला दगडी सरदार आहे, पायाशी सिंह घेऊन. तुम्ही त्याला ‘कुत्रं’ म्हणायचात. मी दहा वेळा सांगितलं की सिंह आहे. शेवटपर्यंत तुम्ही ऐकलं नाही, आणि आता नीट बघितल्यावर मलाही तो कुत्राच वाटायला लागलाय.

जर्मनीनं फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला, त्या उन्हाळ्यात तुम्ही आलात. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात तुमचं मन लागत नव्हतं. फ्रँकफर्टला तुम्हाला घ्यायला आले तर तुम्ही पांढरा शर्ट इस्त्री केलेला, खिशाला पेन, आणि हातात आईचा तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. बाकी सामान विमानाच्या पोटात दिलंत, डबा मात्र सोडला नाहीत. झाकणावर आईचं नाव, दुकानदारानं मशीननं ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं. गाडीतून कोलोनच्या पुढं येईपर्यंत तुम्ही घराघरांच्या गॅलरीतले झेंडे मोजत होतात. शेवटी म्हणालात, “इथं इलेक्शन हाय का गं?” मी सांगितलं, फुटबॉल जिंकले. तुम्ही बराच वेळ विचार केलात आणि म्हणालात, “मग गुलाल कुठंय?”

पहिल्या सोमवारी तुम्हाला इथे घेऊन आले. मला दाखवायचं होतं, आबा. लेक काय करते ते दाखवायचं होतं. जुन्या मठाचं धान्याचं कोठार, त्यात रांगेनं उभे केलेले दगड. एका बाजूला रोमन लोकांचे, म्हणजे आपल्या लेण्यांच्याच काळातले म्हणा. शिपायांचे, व्यापाऱ्यांचे, बायकापोरांचे थडग्यावरचे दगड. दुसऱ्या बाजूला हजार वर्षांनंतरचे, चर्चमधले. बिशप, सरदार, नाक तुटलेली मेरी, खांबांच्या डोक्यावरची पानंफुलं. माझं काम त्यांच्या आजारपणाचं. कुठल्या दगडात मीठ उतरलंय, कुठला आतून भुसभुशीत होतोय, ते मोजायचं. मी यंत्र लावून दाखवलं तर तुम्ही वाकून आकडे बघितलेत आणि म्हणालात, “ताप हाय म्हण की याला.”

मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, तुम्ही दगडांकडे बघाल, काहीतरी म्हणाल म्हणून. पण तुम्ही दगडांकडे बघतच नव्हतात. हात मागे बांधून, पाय थोडे फाकवून दाराजवळच्या खांबाला टेकलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात बघायला लागलात. एक उंच गृहस्थ सरदाराच्या पायाला टेकून बूट नीट करत होता. तुम्ही तिथूनच, आवाज न चढवता, म्हणालात, “ओ सायेब. हात नका लावू.” मराठीत. तो माणूस असा सरळ उभा राहिला की जणू त्याला सगळं कळलं. कोपऱ्यात इथला पहारेकरी ओस्मान होता, तो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचा हात धरून मी तुम्हाला तळघरात नेलं आणि म्हणाले, आबा, इथं ते त्यांचं काम आहे, तुम्ही पाहुणे आहात. तुम्ही म्हणालात, “बरं.”

तुमचं हे ‘बरं’ मला लहानपणापासून कधी उलगडलं नाही. त्यात होकार असायचा, नकार असायचा, आणि कधीकधी ‘तू अजून लहान आहेस’ असंही असायचं.

त्यानंतर तुम्ही रोज माझ्याबरोबर यायला लागलात. ओस्माननंच ही खुर्ची आणून दिली. त्याला मराठी येत नव्हतं, तुम्हाला जर्मन नाही, तुर्की तर नाहीच. तरी दुपारी तुम्ही दोघं मागच्या अंगणात डबा उघडून बसलेले असायचात. तो चीज आणि ऑलिव्ह पुढे करायचा, तुम्ही शेंगदाण्याची चटणी. घरी आल्यावर मला सांगायचात, ओस्मानच्या गुडघ्याचं असं झालंय, त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न असं ठरलंय. मला चार वर्षांत त्याला मुलगी आहे हे माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, ज्यांच्यात रोज वावरते त्यांचंच मला काही ठाऊक नव्हतं.

आणि आपलं भांडण. ते अर्धवटच राहिलं, आबा. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, “हे दगड ज्यांचे, ती माणसं कुठंयत?” मी सांगितलं, कुठे रस्त्याखाली, कुठे शेतात, काही तर माहीतच नाही. “म्हणजे माणूस तिकडं आणि नाव इकडं.” मी सांगितलं की बाहेर ठेवले असते तर पावसानं, धुरानं शंभर वर्षांत सपाट झाले असते, इथे जगलेत. तुम्ही म्हणालात, “आपल्या लेण्यातला बुद्ध कापून कुणी असा हॉलमधी आणून ठिवला असता, तर तू काय मोजत बसली असतीस का?” मी चिडले. म्हणाले, लेण्यातल्या किती मूर्तींची नाकं लोकांनी फोडली, नावं कोरली, तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही म्हणालात, “माझ्या डोळ्यांदेखत नाही. माझ्या ड्युटीत एक सुद्धा नाही.” आणि जेवणावरून उठलात. दर रविवारच्या फोनवर आपण हा वाद कुठून ना कुठून उकरून काढायचो. मला गेल्या आठवड्यातच एक चांगलं उत्तर सुचलं होतं. परवाच्या रविवारी सांगणार होते.

पण आज मला त्या वादाचं नाही लिहायचं. ज्याच्याबद्दल आपण कधीच वाद घातला नाही, त्याचं लिहायचंय.

मी अकरा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी होती आणि आईनं तुमचा डबा माझ्याकडे दिला होता. वर लेण्यात अजून लाईट आलेले नव्हते. दाराबाहेर आरसा उभा करून तुम्ही ऊन आत घ्यायचात आणि आत पांढरा रंग दिलेला पत्रा हातात धरून ते ऊन भिंतीवर पसरवायचात. मी खांबाआड बसून बघत होते. अंधारात नुसता खडक असायचा, आणि तुम्ही पत्रा खाली घेऊन तिरका केला की त्यातून बोटं यायची, पापण्या यायच्या, ओठ हलल्यासारखे व्हायचे. मला वाटायचं माझे आबाच हे करतात. मग शहरातून आलेल्या एका माणसानं चुटकी वाजवली आणि म्हणाला, “ए, इधर लाईट मार.” तुम्ही मारलात. तो पुढे गेला, पुन्हा चुटकी वाजवली, तुम्ही पुन्हा मारलात. मी डबा तिथेच ठेवून डोंगर उतरून पळत घरी आले. आईला सांगितलं, पाय दुखतोय.

पुण्याला हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी मुलींनी विचारलं, वडील काय करतात? आडनाव साळवे सांगितल्यावर पुढचे प्रश्न कुठल्या वाटेनं येतात हे मला माहीत होतं. त्याआधी काहीतरी मोठं उत्तर हातात हवं होतं. मी म्हणाले, पुरातत्त्व खात्यात आहेत. एक म्हणाली, म्हणजे ऑफिसर? मी म्हणाले, हो. एक ‘हो’, आबा, बास एवढंच. मग ते वाढत गेलं. जर्मनीला पोचेपर्यंत तुमचं प्रमोशन होऊन तुम्ही आर्किऑलॉजिस्ट झाला होतात. फ्राऊ हेलर, म्हणजे हेलर बाई, आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख, त्यांनी पहिल्या कॉफीलाच विचारलं होतं, तुम्हाला दगडांचं वेड कुठून लागलं? मी म्हणाले, माझ्या वडिलांमुळे. इथपर्यंत खरं होतं. तिथे थांबता आलं असतं.

तुम्ही येणार म्हटल्यावर झाकली मूठ उघडी पडेल ही धास्ती मला होतीच. पण तुम्हाला भाषा येत नाही या भरवशावर मी होते. आपल्याच बापाच्या अडाणीपणावर भरवसा ठेवणारी मी पोरगी. आणि तुम्ही तर एकतीस वर्षं देशोदेशीच्या आर्किऑलॉजिस्टांच्या मागे किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरलेले. तो शब्द तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत होता.

ऑगस्टमध्ये तो दगड आला. जवळच्या एका गावातल्या चर्चची डागडुजी चालली होती, तिथली पायरी उखडली तर खालून कोरीव निघाली. रोमन थडग्याचा दगड, मध्ययुगातल्या गवंड्यांनी उचलून पायरीला लावलेला, आणि नंतर शेकडो वर्षं लोकांनी त्याच्यावर पाय दिलेले. पार गुळगुळीत झाला होता. क्रेनची गाडी पुढच्या आठवड्यात येणार होती, तोवर मागच्या अंगणात लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. आत अंधारात नेऊन बाजूनं दिवा लावला की काय ते कळेल, असं ठरलं होतं. भर उन्हात नुसती पाटी कोरी.

तुम्ही आणि ओस्मान डबा खात होतात आणि फ्राऊ हेलर अंगणात आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, “हेर साळवे, तुम्ही आर्किऑलॉजिस्ट. आमच्या नव्या पाहुण्याबद्दल तुमचं काय मत?” माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी मध्ये पडून काहीतरी बोलणार होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग हात धुतलेत, रुमालाला पुसलेत, आणि दगडाभोवती एक पूर्ण फेरी मारलीत. त्याला हात लावला नाहीत. मला म्हणालात, “छत्री आण. काळी.”

मी सांगितल्यावर ओस्माननं छत्री आणली. तुम्ही त्याला दगडापाशी उभं करून वर सावली पाडायला लावलीत. डब्याचं झाकण उचललंत, आईच्या नावाचं, त्यातली चटणी झटकलीत, आतली बाजू बाहीनं लख्ख केलीत, आणि गुडघ्यावर बसून झाकणात ऊन धरलंत. ते ऊन तुम्ही अगदी खालून, दगडाला घासत नेलंत. “समोरून टाकलं की दगड तोंड मिटतो,” तुम्ही मला लहानपणी सांगायचात. “बाजूनं हळूच विचारायचं.” झाकण बोटभर हललं आणि त्या कोऱ्या दगडातून आधी एक रेघ आली. मग एक जोडा. खरोखरच जोडा, पायातला, टाचेसकट. त्याच्या शेजारी वाकडी सुरी, अर्ध्या चंद्रासारखी, चामडं कापायची. वर बसलेला माणूस, मांडीवर काहीतरी धरून वाकलेला. त्याच्या वरच्या ओळीतलं नाव पार गेलं होतं. झाकण कसंही फिरवलंत तरी आलं नाही.

फ्राऊ हेलर गुडघे टेकून बसल्या. पांढरी पँट होती त्यांची. “गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “गेनाऊ, तिथेच, तिथेच धरा.”

तुम्ही मराठीत म्हणालात, “जोडे शिवणारा होता. आणि लोकांनी याच्याच अंगावर जोडे घासले.” मग झाकण तसंच धरून म्हणालात, “पण काय कोरून घ्यायचं ते सांगून गेला बघ. लाज नव्हती त्याला.”

फ्राऊ हेलरनी विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? मी तुम्हाला मराठीत विचारलं. तुम्ही म्हणालात, “सांग, एकतीस वर्षं हेच केलं. येणाऱ्याला भिंतीवरचं दाखवायचं आणि कुणी हात लावू नये म्हणून बघायचं.” आणि मी इंग्रजीत सांगितलं, ते म्हणतात, तीस वर्षं त्यांनी लेण्यांच्या दस्तावेजीकरणाचं काम केलंय.

तुमच्या हातातलं झाकण हललं. जोडा दिसेनासा झाला. मग तुम्ही पुन्हा स्थिर धरलंत आणि म्हणालात, “येस, मॅडम.”

त्या संध्याकाळी मी तुमच्यासाठी भाकरी केली. नीट थापता येत नाही मला, तीन तुटल्या. तुम्ही चौथी खाल्लीत, तुटलेल्याही खाल्ल्यात. खाई त्याला खवखवे, मी सारखी वाट बघत होते तुम्ही काही बोलाल म्हणून. तुम्ही एवढंच म्हणालात, “म्याडमला सांग, सकाळी नऊच्या उन्हात परत बघा म्हणावं. आणखी निघंल.” निघालं, आबा. नऊच्या उन्हात त्याच्या बायकोचा चेहरा निघाला, त्याच्या खांद्याशी. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. बाकीचं नाही सांगितलं.

पाच वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्हाला कळलं नसेल. ‘लाज नव्हती त्याला’ हे तुम्ही त्या जोडेवाल्याबद्दलच म्हणालात, माझ्याबद्दल नाही. कधी वाटायचं माझ्याबद्दलच म्हणालात. मग मी चिडायची, तुमच्यावरच. हा काय सुडाचा प्रकार, सरळ बोलायचं ना. रविवारचा फोन लावायची आणि दगड कुठे ठेवायचे यावरून भांडायची. तुम्हाला भांडण कशाचं ते कळत होतं की नाही, देव जाणे. देव म्हटलं की तुम्ही रागवाल. तुम्हीच जाणे.

आज सकाळी ओस्मान माझ्यापाशी आला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. टोपी काढून उभा राहिला. मग पाकिटातून एक छोटासा फोटो काढून माझ्या हातात दिला. तुमचा. खाकी गणवेशातला, गळ्यात शिट्टीची दोरी, मागे जिल्हा कचेरीच्या फोटोवाल्याचा निळा पडदा. ओळखपत्रासाठी काढलेला असणार, एका कोपऱ्यावर अर्धा शिक्का आहे. मी विचारलं, हा तुझ्याकडे कसा?

“त्यांनी दिला,” ओस्मान म्हणाला. “पहिल्या आठवड्यात. वरच्या लोकांनी मला सांगितलं होतं, फ्राऊ डॉक्टरचे वडील येणार, मोठे आर्किऑलॉजिस्ट आहेत. मी त्यांना खुर्ची दिली, म्हटलं, हेर प्रोफेसर, आर्किऑलॉजिस्ट, बसा. त्यांनी मान हलवली. नाही, नाही. हा फोटो काढला. मग माझ्या बिल्ल्याला बोट लावलं, मग स्वतःच्या छातीला. आपण दोघं एकच.” तो हसला. “हो, मला आधीच माहीत होतं. पहिल्याच दिवशी. दगड बघायला आलेला माणूस दगड बघतो. ते लोकांचे हात बघत होते.”

मी विचारलं, मग तू कुणाला सांगितलं नाहीस?

“सांगणार होतो. आनंदानं सांगणार होतो, आमच्यातला माणूस म्हणून. त्यांनी असं केलं.” ओस्माननं ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट खाली, जमिनीकडे, जिथे माझी प्रयोगशाळा आहे तिथे दाखवलं. मग पुन्हा ओठांवर. “मलाही मुली आहेत,” तो म्हणाला.

आबा, म्हणजे पहिल्या आठवड्यापासून. म्हणजे त्या अंगणात फ्राऊ हेलरनी ‘आर्किऑलॉजिस्ट’ म्हटलं तेव्हा तुम्ही दचकला नाहीत, कारण तुम्ही कधीचे तयार होऊन बसला होतात. माझ्याकडे बघितलंत ते विचारायला नव्हे. मी घाबरलेय का ते बघायला. एकतीस वर्षं मूर्तींना कुणी धक्का लावू नये म्हणून उभे राहिलात, आणि त्या उन्हाळ्याचे तीन महिने माझ्या खोट्याला कुणी धक्का लावू नये म्हणून. आणि मी तुम्हाला सांगितलं होतं की इथे तुम्ही पाहुणे आहात.

मला रडू आलं. इथे दालनात, शाळेची सहल आलेली असताना. ओस्माननं मुलांना दुसऱ्या बाजूला वळवलं.

मला लाज वाटते, आबा. तुमची वाटायची ती खोटी होती, ही खरी आहे. आणि तिच्या जोडीला आणखीही काहीतरी वाटतंय, ते सांगायला मला चांगला शब्द सापडत नाही. कुणीतरी आपल्यावर इतकी माया केली की आपल्या खोटेपणालाही सांभाळून घेतलं, याचं काय करायचं असतं? चिडता येत नाही. परत करता येत नाही. तुम्ही एकदा तरी ओरडला असतात तर बरं झालं असतं असं म्हणणार होते, पण तेही खोटंच. ओरडला असतात तर मी दार आपटून गेले असते. तुम्ही मला बाजूनं, हळूच विचारलंत, आणि मी पाच वर्षं तोंड मिटून बसले.

दुपारी फ्राऊ हेलरच्या खोलीत गेले. त्यांनी उठून माझा हात धरला, आणि म्हणाल्या, तुमच्या वडिलांसारखा विद्वान सहकारी. मी म्हणाले, थांबा. माझे वडील आर्किऑलॉजिस्ट नव्हते. लेण्यांमध्ये पहारेकरी होते. दारावर उभे राहायचे, किल्ल्या सांभाळायचे, अंधारात आलेल्यांना उजेड दाखवायचे. त्यांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं, भाषांतर मी खोटं केलं.

“आल्झो,” म्हणजे ‘असं होय’, एवढंच त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता विचारतील, का? तेव्हा काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. पण त्यांनी कपाटातून त्या दगडाची फाईल काढली. त्यात पहिल्या पानावर लिहिलेलं आहे, आबा, हा दगड प्रथम कुणी वाचला, तिथे तुमचं नाव. मला माहीतच नव्हतं. नावापुढे आर्किऑलॉजिस्ट. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. म्हणाल्या, “दुरुस्त करा. आमच्या नोंदी बरोबर हव्यात.” मी तो शब्द खोडला आणि वर ‘पहारेकरी’ लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, ते झाकण कुठे आहे? मी म्हटलं, घरी, वरणाच्या पातेल्यावर. तुम्ही जाताना डबा मला ठेवून गेला होतात ना. म्हणाला होतात, “तुला लागंल.” मला वाटलं होतं, डब्यासाठी म्हणताय.

सुनीलला आत्ताच मेसेज केला. लिही, ‘लेण्यांचे पहारेकरी.’ त्याचा लगेच उलट मेसेज आला, ‘पहारेकरीच लिहू? नक्की ना ताई? ग्रुपवर जाणार आहे तुझ्या.’ मी लिहिलं, मीच टाकणार आहे. थोड्या वेळानं त्यानं तुमचा तोच खाकीतला फोटो पाठवला, त्याच्याकडेही होता. ‘मग हाच छापतो,’ म्हणाला. ‘आबांना हाच आवडायचा. तुझ्यामुळं भिंतीवर लावला नव्हता.’

गुरुवारी निघतेय. डबा हातातच घेऊन येणार, तुमच्यासारखा. रविवारी वंदना होईल, माणसं जेवून जातील, आणि सोमवारी मी डोंगर चढून लेण्यात येईन. आता तिथे लाईट आहेत, पण सुनील म्हणतो आतल्या कोपऱ्यातला एक दिवा कधीचा बंद पडलाय. त्या खांबापाशी बसेन, जिथून मी पळाले होते. ऊन दारातून आत आलं की झाकणात धरेन, खालून, तिरकं. आणि कुणी चुटकी वाजवून म्हणालं, “ए, इधर लाईट मार,” तर मारीन.

तुमची,
रंजना